शेजारी कोण उभं आहे?

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात सनफ्लॉवर नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. नाव सूर्यफुलाचं, पण ओळख कापसाची. नदीच्या गाळाने तयार झालेल्या या सपाट, सुपीक पट्ट्याला तिथले लोक ‘डेल्टा’ म्हणतात. इथली बहुसंख्य लोकसंख्या कृष्णवर्णीय आहे, आणि मोठ्या शेतांचे मालक बहुतेक गोरे.

सप्टेंबर २०२१ मध्ये या काउंटीतल्या सहा कृष्णवर्णीय शेतमजुरांनी आपल्या मालकांवर खटला भरला. त्यांची तक्रार अशी होती: आम्ही वर्षानुवर्षं इथे ट्रॅक्टर चालवतोय, पेरणी-कापणी करतोय. आम्हाला तासाला ७.२५ डॉलर मिळतात, शनिवार-रविवारी ८.२५. मालकाने दक्षिण आफ्रिकेतून गोरे मजूर आणले. त्यांना तेच काम, पण २०२० मध्ये तासाला ११.८३ डॉलर. सुरुवातीला त्यांना काम शिकवलं ते आम्हीच. नंतर आमचं काम कमी होत गेलं आणि त्यांची संख्या वाढत गेली. पुढे हा खटला तडजोडीने मिटला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही तेच वाटलं जे तुम्हाला आत्ता वाटत असेल. काम एक, मजुरी दोन, फरक रंगाचा. यात चर्चा करण्यासारखं काय आहे? चूक तर स्पष्ट दिसते.

पण मला दुसऱ्याच एका गोष्टीने सोडलं नाही. दक्षिण आफ्रिकेचे मजूर यायच्या आदल्या दिवशी काय परिस्थिती होती? तेव्हाही मजुरी ७.२५ डॉलरच होती. किंवा तिच्या आसपास. तेव्हा कोणाला खटला भरता आला असता का? नाही. कारण ७.२५ डॉलर हे अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन आहे, जुलै २००९ पासून ते एका सेंटनेही वाढलेलं नाही, आणि मिसिसिपी राज्याचा स्वतःचा किमान वेतन कायदाच नाही. म्हणजे तीच माणसं, तेच शेत, तोच ट्रॅक्टर, तोच पगार, आणि सगळं कायदेशीर. कायद्याला अन्याय दिसला तो शेजारी एक गोरा मजूर येऊन उभा राहिल्यावर.

मग अन्याय नेमका कधी सुरू झाला?

मोजपट्टी

‘सारख्यांना सारखं वागवा’ हे न्यायाचं सूत्र ॲरिस्टॉटलइतकं जुनं आहे. भेदभावविरोधी कायदे त्याच सूत्रावर उभे आहेत. या सूत्राची एक अट आपल्या सहज लक्षात येत नाही. त्याला दोन माणसं लागतात. एकट्या माणसाशी भेदभाव होतो आहे असं म्हणता येत नाही, ‘कोणाच्या तुलनेत?’ हा प्रश्न लगेच येतो.

अमेरिकेत वंशभेदाविरुद्धचे दोन कायदे अशा प्रकरणांत वापरले जातात. एक १९६४ चा नागरी हक्क कायदा. नोकरीत वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश यावरून भेदभाव करायला तो मनाई करतो. मात्र नोकरीविषयीचा त्याचा भाग किमान पंधरा कर्मचारी असलेल्या मालकालाच लागू होतो. त्यामुळे लहान शेतं आपोआप बाहेर राहतात. दुसरा कायदा त्याहून जवळजवळ शंभर वर्षांनी जुना. गुलामगिरी संपल्यानंतर लगेच, १८६६ साली झालेला. करार करण्याचा हक्क सगळ्यांना गोऱ्या नागरिकांसारखाच असेल, असं तो सांगतो. शब्दरचना नीट पाहा. मोजपट्टी कायद्यातच लिहून ठेवलेली आहे: गोरा नागरिक. शेजारी तो असेल, तर मोजता येईल.

डेल्टामधल्या खटल्यात तिसरीही एक गोष्ट कामाला आली. बाहेरून शेतमजूर आणायचे असतील तर अमेरिकेत ‘एच-टू-ए’ नावाचा तात्पुरता व्हिसा घ्यावा लागतो. तो देताना सरकार मालकाकडून लिहून घेतं की स्थानिक मजूर मिळत नाहीत. शिवाय या मजुरांसाठी सरकार दर राज्यागणिक एक वेगळा, चढा दर ठरवतं, आणि तेच काम करणाऱ्या स्थानिक मजुराला त्याहून कमी देता येत नाही. हेतू चांगला आहे: बाहेरचे मजूर आणून स्थानिकांची मजुरी पाडू नये. २००५ साली या व्हिसासाठी सुमारे ४८ हजार जागा मंजूर झाल्या होत्या. २०२३ पर्यंत तो आकडा पावणेचार लाखांच्या पुढे गेला. यांतले बहुतेक मजूर मेक्सिकोचे असतात. दक्षिण आफ्रिकेचे त्या मानाने थोडे, पण डेल्टात त्यांची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी वाढली.

आलेला माणूस इथे खलनायक नाही, हेही सांगायला हवं. त्याचा व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला असतो. मालकाशी पटलं नाही तर उद्या शेजारच्या शेतावर जाऊन काम मागायची त्याला सोय नसते. थेट परतीचं विमान. मालकाला असा मजूर का आवडतो, यामागे वंश हे एक कारण असेल. पण सोडून न जाऊ शकणारा माणूस सोयीचा असतो, हेही कारण आहेच.

ज्या कायद्यात वंश हा शब्दच नाही

आता थोडं मागे जाऊ. कारण ७.२५ डॉलरवर येऊन थांबलेली ही माणसं तिथे कशी पोचली, हे त्याशिवाय कळत नाही.

महामंदीच्या काळात अमेरिकेने कामगारांसाठी दोन मोठे कायदे केले. १९३५ चा संघटना करण्याचा हक्क देणारा, आणि १९३८ चा किमान वेतन व जादा कामाचा मोबदला देणारा. आज आपण ‘कामगार हक्क’ म्हणून जे काही ओळखतो त्यातलं बरंचसं या दोन कायद्यांमध्ये सापडेल. दोन्हींनी शेतमजूर वगळले. कुठेही ‘कृष्णवर्णीय’ असा शब्द नाही. फक्त ‘शेतीकाम’ असा शब्द आहे. पण त्या काळात दक्षिणेतल्या कापसाच्या शेतात राबणारे कोण होते, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. दक्षिणेतल्या खासदारांच्या मतांशिवाय हे कायदे मंजूर होणार नव्हते, हेही ठाऊक होतं.

यामागे नेमका हेतू काय होता यावर इतिहासकार आजही वाद घालतात. काही म्हणतात, उघड वंशवाद. काही म्हणतात, शेतकऱ्यांच्या संघटनांचा दबाव आणि हिशोब ठेवण्याची अडचण. मला हा वाद महत्त्वाचा वाटतो, पण एका मर्यादेपर्यंतच. शेतात वाकलेल्या माणसाला पन्नास वर्षांनी कोणीतरी येऊन सांगितलं की ‘तुला वगळण्यामागे द्वेष नव्हता, फक्त हिशोबाची अडचण होती’, तर त्याच्या हातात नेमकं काय पडतं?

अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालयही याच प्रश्नावर घुटमळलं आहे. १९७१ च्या ग्रिग्ज खटल्यात त्याने मालकांना बजावलं की नियम वरवर तटस्थ असला तरी परिणाम वंशभेदाचा होत असेल आणि त्या कामासाठी नियमाची खरी गरज नसेल, तर तो चालणार नाही. पण १९७६ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की सरकारचा कायदा संविधानाविरुद्ध ठरवायचा असेल तर नुसता परिणाम दाखवून भागणार नाही, हेतू सिद्ध करावा लागेल. म्हणजे मालकाला परिणामांचा जाब विचारता येतो, कायदा करणाऱ्यांना मात्र हेतूचा.

१९६५ च्या वसंतात डेल्टामधल्याच शॉ नावाच्या गावात कापसातलं तण काढणाऱ्या मजुरांनी संप केला. मजुरी होती दिवसाला तीन डॉलर, दिवस दहा तासांचा किंवा त्याहून मोठा. त्यांची मागणी होती तासाला सव्वा डॉलर. ही रक्कम त्यांनी हवेतून काढलेली नव्हती. इतर कामगारांचं तेव्हाचं केंद्रीय किमान वेतन तेवढंच होतं. त्यांना सोबत तोलायला शेतात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी शेताबाहेर पाहिलं, कारखान्याकडे बोट दाखवलं, आणि विचारलं: तिथे घाम गाळणारा माणूस आणि इथे घाम गाळणारा माणूस यांत फरक काय?

संप मोडला. पण १९६६ मध्ये कायदा बदलला आणि फेब्रुवारी १९६७ पासून मोठ्या शेतांवर किमान वेतन लागू झालं, तासाला एक डॉलर. इतरांसाठी तेव्हा ते एक डॉलर चाळीस सेंट होतं. म्हणजे दार उघडलं, पण पायरी एक खाली. आणि डेल्टात काय झालं? मालकांनी तणनाशकं फवारली, कापूस वेचणारी यंत्रं वाढवली, आणि हजारो मजुरांची गरजच संपली. मजुरीचा हक्क आला तेव्हा काम निघून गेलं होतं.

याच सनफ्लॉवर काउंटीतल्या फॅनी लू हेमर सहा वर्षांच्या असल्यापासून कापूस वेचत होत्या. ऑगस्ट १९६२ मध्ये त्या मतदार नोंदणीसाठी इंडियानोलाच्या कोर्टात गेल्या आणि त्यापायी शेतावरचं काम आणि राहतं घर गमावून बसल्या. पुढे त्या नागरी हक्क चळवळीचा मोठा आवाज झाल्या. १९६९ मध्ये त्यांनी काउंटीत सहकारी शेती सुरू केली, चाळीस एकरांपासून. त्यांना कळून चुकलं होतं की मताचा हक्क मिळाला तरी पोट मालकाच्या हातात असेल तर तो हक्क वापरता येत नाही. ती शेती काही वर्षांतच कर्ज आणि नैसर्गिक आपत्तींपुढे थकली. पण प्रश्न त्यांनी नेमका ओळखला होता. दुसऱ्याच्या शेतात बरोबरीने वागवून घेणं ही एक गोष्ट, आणि कोणाच्या मर्जीवर नसणं ही दुसरी.

मालकाची बाजू

मालकाच्या बाजूने काय म्हणता येईल, याचाही मी प्रामाणिकपणे विचार करून पाहिला. बायबलमध्ये द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. तो सकाळी मजूर लावतो, दुपारी आणखी लावतो, संध्याकाळी काम संपायला तासभर उरला असताना आणखी काही लावतो, आणि शेवटी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. सकाळपासून राबलेले कुरकुरतात. मालकाचं म्हणणं साधारण असं: तुमच्याशी जी मजुरी ठरली ती दिली. दुसऱ्याला मी काय देतो, याच्याशी तुमचा संबंध काय?

धर्माच्या दृष्टीने ही गोष्ट कृपेची आहे, मजुरीच्या दराची नाही. पण युक्तिवाद म्हणून ती बाहेर काढली तर तिच्यात दम आहे. डेल्टामधला मालकही म्हणू शकतो: ७.२५ ला तुम्ही स्वतः तयार झालात. मी ठरल्याप्रमाणे दिले.

याला उत्तर काय? मला वाटतं, ‘तयार झालात’ या शब्दांत उत्तर आहे. बायबलमधला मालक कोणाची मजुरी कमी करून दुसऱ्याला देत नाही. उशिरा आलेल्यांना तासाभराच्या हिशोबापेक्षा जास्त देतो, कारण त्यांनाही घरी चूल पेटवायची असते. डेल्टामध्ये उलट घडलं. इथे जास्त दर ज्याला मिळाला त्याला तो सरकारी नियमामुळे मिळाला. कमी दर ज्याला मिळाला त्याला तो दुसरीकडे जाण्यासारखं काहीच नसल्यामुळे घ्यावा लागला. पर्याय नसलेल्या माणसाच्या होकाराला करार म्हणायचं की नाही, हा इथला खरा प्रश्न आहे.

पण मालकाच्या बाजूने दुसरा एक मुद्दा येतो, आणि तो मला जास्त अडचणीचा वाटतो. समजा, उद्या मालकाने दक्षिण आफ्रिकेचे मजूर आणणं बंद केलं आणि सगळ्या कृष्णवर्णीय मजुरांना पुन्हा ७.२५ वर कामाला घेतलं. भेदभाव संपला! सगळे सारखे. एकही कायदा मोडला नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी समतेच्या विचारातल्या याच अडचणीवर बोट ठेवलं होतं: वरच्याला खाली ओढूनही समता येते, आणि त्यात खालच्याचं काहीच भलं होत नाही. आपल्याला हवी होती ती समता ही नक्कीच नव्हे.

आपल्या बांधावर

हे सगळं अमेरिकेचं आहे आणि वंशाचं आहे. जात म्हणजे वंश नव्हे. २००१ च्या डरबन परिषदेत भारत सरकारने हाच मुद्दा लावून धरला, आणि दलित संघटनांनी तिथेच त्याला विरोध केला. तो वाद मी इथे सोडवायला बसलेलो नाही. पण १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने जो अर्ज गेला होता, त्याची प्रत त्यांना हवी होती. कारण दोन्हीकडची परिस्थिती त्यांना खूप मिळतीजुळती वाटत होती. तेव्हा तुलना करायला आपण पहिले नाही.

आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनात बदल करणारं विधेयक आणलं होतं. वतनाचं काम एका जातीलाच बांधलेलं. दिवसाच्या कोणत्याही वेळी बोलावणं, मोबदला गावाच्या मर्जीवर. त्या कामात दुसऱ्या जातीचा माणूस कधी शेजारी उभाच राहिला नाही. मग ‘त्याला जास्त, मला कमी’ हे म्हणणार कसं? जिथे काम पूर्णपणे एकाच गटाच्या वाट्याला टाकलेलं असतं, तिथे भेदभाव इतका पूर्ण असतो की तो मोजताच येत नाही. ही वतनं शेवटी १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.

आजचं उदाहरण हवं असेल तर ऊसतोड पाहा. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हिशोब माणशी नसतो, ‘कोयता’ म्हणून असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरी टनावर. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, पहाटे उठून भाकरी तीच करते. आता सांगा, तिची मजुरी किती? कागदावर ती नाहीच. समान कामाला समान वेतन देणारा कायदा आपल्याकडे १९७६ मध्येच झाला. पण बाईची मजुरी वेगळी लिहिलेलीच नसेल तर पुरुषाच्या मजुरीशी ती ताडून पाहणार कशी?

माझ्या आजोळी शेतात बाईचा रोज आणि गड्याचा रोज वेगळा, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. कोणी लपवतही नाही. विचारलं तर उत्तर तयार असतं: ‘अरे, काम वेगळं असतं. बाया खुरपतात, गडी फवारतात.’ उत्तर खरं आहे. पण खुरपणं बायांचं आणि फवारणं गड्यांचं, हे ठरवलं कोणी? काम वेगळं असतं म्हणून मजुरी वेगळी, की मजुरी वेगळी ठेवता यावी म्हणून काम वेगळं? कायद्याला ‘समान किंवा सारखं काम’ लागतं. कामंच वाटून टाकली की कायदा बांधावर थांबतो.

दोन मागण्या

यातून मी जिथे पोचलो ते असं. न्याय्य वागणुकीच्या नावाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी मागत असतो, आणि त्यांची गल्लत करतो. एक मागणी तुलनेची: त्याला जे, ते मला. दुसरी मागणी तुलनेशिवायची: शेजारी कोणी असो वा नसो, या कामाला, या श्रमाला इतकं तरी मिळालंच पाहिजे. भेदभावविरोधी कायदा पहिली मागणी ऐकतो. किमान वेतन, संघटनेचा हक्क, जादा तासांचा मोबदला या गोष्टी दुसरी मागणी ऐकतात. अमेरिकेत १९३८ मध्ये शेतमजुरांना नाकारली गेली ती दुसरी. आणि ती नाकारलेली असताना १९६४ मध्ये पहिली हातात दिली गेली. ती वापरायची संधी डेल्टातल्या त्या सहा जणांना मिळायला २०२१ उजाडलं. तीही दुसऱ्या देशातून माणसं आली म्हणून.

मग तुलनेची मागणी बिनकामाची आहे का? नाही. सहा मजुरांचं दुःख फक्त साडेचार डॉलरच्या फरकाचं नव्हतं. ज्याला काम शिकवलं त्याला आपल्यापेक्षा जास्त मिळतं, आणि त्याचं कारण तुमच्या कामात सापडत नाही, तेव्हा तुमच्याविषयी काहीतरी सांगितलं जातं. पैसे भरून निघाले तरी ते सांगणं मागे उरतं. त्या सांगण्याला उत्तर फक्त भेदभावविरोधी कायदाच देतो, म्हणून तो लागतोच.

पण तो पुरत नाही. आणि जिथे अन्याय सगळ्यात पूर्ण झालेला असतो, तिथेच तो सगळ्यात कमी पुरतो. म्हणून कोणत्याही शेतावर, कारखान्यावर, अगदी तुम्हाला रात्री जेवण आणून देणाऱ्या ॲपवरसुद्धा, ‘इथे सगळ्यांना सारखं मिळतं ना?’ एवढंच विचारून मी आता थांबत नाही. त्याच्या आधी विचारायचा एक प्रश्न असतो: इथे सगळे एकसारखेच का आहेत? या कामाला दुसरं कोणी का येत नाही? आणि ज्या हक्कांची यादी इतरांच्या हातात आहे, ती या दारापर्यंत का पोचलेली नाही?

शॉ गावातल्या मजुरांनी १९६५ मध्ये नेमकं हेच केलं होतं. शेजारी कोणी नव्हतं, तर त्यांनी नजर लांब टाकली आणि कारखान्यातल्या कामगाराला शेजारी आणून उभं केलं. त्यांच्याकडे वकील नव्हता, कायदाही बाजूने नव्हता. सव्वा डॉलर हा आकडा तेवढा होता, आणि तो बरोबर होता.